लिबरेटरच्या पोटातला रंग

विमानाच्या बाहेरच्या रंगावर माणसांचं एकमत होऊ शकतं. आतल्या रंगावर दोन माणसांचं एकमत होत नाही, आणि त्यातला एक माणूस म्हणजे माझे वडील असतील तर एका माणसाचंसुद्धा होत नाही.

मी भिंगारला राहते. लष्कराच्या एका भांडारात नागरी कर्मचारी आहे. आलेला माल, गेलेला माल, मोडलेला माल यांच्या याद्या करण्यात माझी आजवरची नोकरी गेली, आणि नोकरीची सवय घरात आली. फ्रिजवर किराण्याची यादी, कपाटाच्या दारावर आबांच्या औषधांची, गॅसच्या पुस्तकात अडीअडचणीला कोणाला फोन करायचे त्यांची. माझा नवरा बेलापूरला शाळेत शिकवतो, शनिवारी घरी येतो आणि आल्याआल्या विचारतो की आज तो कुठल्या यादीत आहे.

महायुद्धातल्या विमानांची छोटी मॉडेल्स करायला मी लॉकडाऊनमध्ये लागले. खोक्यात प्लास्टिकचे शेकडो सुटे भाग येतात, प्रत्येकावर नंबर. ते कापायचे, घासायचे, रंगवायचे, क्रमाने चिकटवायचे. लोकांना वाटतं हा छंद आहे. माझ्या दृष्टीने ही अशी एकमेव यादी आहे जी संपल्यावर हातात काहीतरी उरतं.

आबा म्हणजे माझे वडील. आता ऐंशीच्या पुढे आहेत. पारनेर तालुक्यातल्या आमच्या वस्तीतून निघून ते हवाई दलात फिटर झाले, आणि पहिलीच नेमणूक पुण्याच्या तळावर लिबरेटरवर मिळाली. लिबरेटर म्हणजे चार इंजिनांचं अवजड बाँबफेकी विमान. युद्ध संपल्यावर परदेशी लोक ती इथेच मोडूनतोडून टाकून गेले, आपल्या लोकांनी त्यातली बरीच दुरुस्त करून पुढे वीसेक वर्षं उडवली. आबांचं काम ती उडती ठेवायचं, स्वतः उडायचं नाही. पण एकदा तळावरून सामान हलवताना तीन फिटरना विमानाच्या पोटात बसवून नेलं, त्यात आबा होते. त्या प्रवासाबद्दल ते फार बोलत नाहीत. एकच सांगतात, की थर्मास एक होता, कप एक होता, आणि कोणी तो मध्ये विसळला नाही. गावात असताना त्यांच्या वाट्याचा कप हॉटेलाच्या बाहेर खुंटीला वेगळा टांगलेला असायचा, हे मला माहीत आहे म्हणून ही गोष्ट मला कळते.

मागच्या उन्हाळ्यात नगरच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की आबांच्या दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांचा मधला भाग झिजत चालला आहे. इंजेक्शनं घेतली तर वेग कमी होईल, गेलेलं परत येणार नाही. आबा रिक्षातून घरी आले. दारात चपला काढताना म्हणाले,

"तू ती विमानं करती ना? माझं ते कर. भाईरनं मला पाठ हाय. आतनं एकदा बघू दे, दिसतंय तवर."

म्हणजे मुदत ठरली. फक्त तारीख कोणालाच माहीत नव्हती, आणि तारखेशिवाय मुदत ही माझ्या स्वभावाला न झेपणारी गोष्ट आहे.

मी अठ्ठेचाळीस पट लहान आकाराचा लिबरेटर मागवला. तेवढा केला तरी पंख पसरल्यावर पाऊण मीटरच्या आसपास होतात. जेवणाचं टेबल गेलं. नवरा म्हणाला की घरात विमानतळ झाला आहे, आता जेवायला प्रतीक्षालयात बसायचं.

ज्यांनी हे काम केलेलं नाही त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. मॉडेलचं धड दोन फोलांत येतं, शेंगेसारखं, डावं आणि उजवं. आतली सगळी कामं, म्हणजे फरशी, खुर्च्या, नळ्या, ऑक्सिजनच्या बाटल्या आणि रंग, ही फोलं मिटायच्या आधी करावी लागतात. एकदा मिटलं की मिटलं. म्हणून आतला रंग ठरल्याशिवाय पुढचं एकही पाऊल टाकता येत नाही. पंख नाहीत, चाकं नाहीत, काही नाही. सगळं एका रंगापाशी अडून बसतं.

खोक्यातला कागद म्हणत होता, आत सगळीकडे हिरवा. मी निमूटपणे हिरवा दिला असता तर दसऱ्याला विमान तयार झालं असतं. पण मी इंटरनेटवर खात्री करायला गेले, ही माझी चूक. तिथे जगभरचे निवृत्त पुरुष या एका विषयावर वर्षानुवर्षं भांडत बसले आहेत. एकाने लांबलचक लिहिलं होतं की पुढच्या भागात हिरवा, मागे नुसता ॲल्युमिनियमचा पत्रा. दुसरा म्हणत होता की ते कारखान्यावर अवलंबून आहे, हे विमान अनेक कारखान्यांत बनायचं आणि प्रत्येकाची तऱ्हा निराळी. तिसऱ्याने संग्रहालयातल्या विमानाचा फोटो टाकला. चौथ्याने सांगितलं की त्या संग्रहालयाने हाताला आलेला डबा उघडून रंग फासला आहे. पाचवा म्हणाला फोटोच ट्यूबलाइटखाली काढला आहे. युद्धातले फोटो तर काळेपांढरे. मी सगळ्यांचं ऐकून तक्ता केला: कोण म्हणतो, कुठला भाग, कोणता रंग, आधार काय. आधाराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मला एकच गोष्ट लिहावी लागली. 'खात्री आहे असं म्हणतात.'

मग माझ्या लक्षात आलं की मी जगाला विचारत बसले आहे आणि त्या विमानात बसलेला माणूस माझ्या घरात, ओट्यावर, शेंगा सोलत बसला आहे.

मी वही घेऊन समोर बसले. आतून रंग कोणता होता?

"हिरवा," आबा म्हणाले.

कसला हिरवा?

"म्हंजे हिरवा. सरकारी हिरवा."

आमच्या भांडारात सरकारी हिरवे चार आहेत आणि चौघांचे नंबर वेगळे आहेत. मी तसं म्हटल्यावर त्यांनी जरा विचार करून सांगितलं की शेपू वाळल्यावर होतो तसा. मी बाजारातून शेपूची जुडी आणली, गच्चीवर वाळवली आणि त्यांना दाखवली. म्हणाले जास्त वाळलाय. पुढच्या आठवड्यात तो रंग कैरीच्या आतल्या बाजूसारखा झाला. त्याच्या पुढच्या आठवड्यात त्यात हळद मिसळली. एका सकाळी चहा पिता पिता त्यांनी जाहीर केलं की रंग बिंग काही नव्हताच, पत्रा होता, आणि संध्याकाळी तो मागे घेतला.

मॉडेल करणारे लोक रंगाचे नमुने प्लास्टिकच्या चमच्यांवर काढतात. मीही बारा चमचे रंगवले, दांड्यांवर नंबर घातले आणि आबांसमोर ओळीने मांडले. त्यांनी पाहिलं न पाहिलं आणि हात झटकला. चमकतंय, म्हणाले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की चकाकी त्रास देईल, म्हणजे चूक माझीच होती. चमकणार नाही अशा कशावर तरी रंग दाखवायला हवा होता. घरात न चमकणारं आणि सगळ्या रंगांत मिळणारं काय असतं, याचा विचार करताना माझी नजर दोरीवर वाळणाऱ्या ब्लाउजवर गेली.

कापड बाजारात एक मॅचिंग सेंटर आहे, तिथे मी वीस वर्षं जाते. लहानसं दुकान, पण भिंती जमिनीपासून छतापर्यंत ब्लाउजच्या कापडांच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या. हिरव्याच्याच पन्नासेक छटा असतील. दुकानदार साडीचा पदर एका क्षणात पाहतो आणि न वळता मागच्या गठ्ठ्यातून बरोबर तुकडा ओढतो. इंटरनेटवरच्या सगळ्या निवृत्त पुरुषांना मी या माणसासमोर उभं करायला तयार आहे.

त्याने नेहमीप्रमाणे हात पुढे केला. साडी कुठंय ताई?

मी म्हटलं साडी नाही, विमान आहे. विमानाच्या आतल्या बाजूला कोणता हिरवा होता ते ओळखायचंय.

त्याने मला नीट बघितलं. मग शांतपणे विचारलं, "विमानाला ब्लाउज शिवताय, का अस्तर?"

अस्तर, मी म्हणाले, कारण ते उत्तर खरं होतं. मला पूर्ण कापड नको होतं, बोटभर तुकडे हवे होते. त्याने काउंटरखालचं कात्रणांचं पोतं काढलं आणि हिरवे, पिवळट, राखाडी, मातकट असे तुकडे निवडून दिले. बहुतेक रुबिया, काही पॉपलीन, काही जाडंभरडं हातमागाचं. जे उरलेलं होतं ते. मी एकूण चोवीस तुकडे घेतले, घरी येऊन सारख्या मापाचे कापले आणि प्रत्येकाच्या मागे नंबराची चिठ्ठी टाचली.

मग रीत ठरवली. दर रविवारी सकाळी दहा वाजता, ओट्यावर, त्याच खुर्चीत. तुकडे एकेक करून आबांच्या हातात द्यायचे, क्रम दर वेळी बदलायचा, त्यांनी एक निवडायचा, मी वहीत नंबर लिहायचा. चार रविवारी एकच नंबर आला की रंग ठरला.

पहिल्या रविवारी आबांनी सातवा काढला. चांगला करडट हिरवा, पटण्यासारखा. मी खूश झाले. दुसऱ्या रविवारी एकोणिसावा आला, तो सरळ मोहरीच्या फुलाच्या रंगाचा. तिसऱ्या रविवारी परत सातवा. चौथ्या रविवारी बारावा, आणि बारावा म्हणजे ओल्या मातीचा तपकिरी, जो मी केवळ आकडा पुरा करायला घेतला होता.

मी म्हटलं, आबा, तपकिरी?

"उजेड बदलतो," ते म्हणाले.

मी खुर्ची बदलली. ओटा सोडून खिडकीपाशी गेलो. पाचव्या रविवारी एकोणिसावा. मी त्यांना मागच्या नोंदी वाचून दाखवल्या. ते म्हणाले तू लिहिण्यात चुकली असशील. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मी लिहिण्यात चुकले आहे असं म्हणणारे ते पहिलेच. मी वही आपटली. नवऱ्याने पेपर खाली करून मला ऐकवलं की ही रंगांची ओळख चालली आहे की ओळख परेड, आणि आरोपीने काय केलंय ते तरी सांग. आबा हसले. मला हसू आलं नाही. पावसाळा संपून थंडी लागत आली होती, टेबलावर विमानाची दोन फोलं उघडीच पडून होती, डॉक्टरकडे दोन इंजेक्शनं होऊन गेली होती आणि ज्याच्यासाठी घाई करायची तोच माणूस मला झुलवत होता.

सहावा रविवार यायच्या आधी मी ते तुकडे धुतले. इतक्या वेळा हाताळून मळले होते. वाळल्यावर इस्त्री करायला घेतले. रुबियावर इस्त्री सुळकन फिरते. सातव्या तुकड्यावर ती अडखळली. मी तो बाजूला ठेवला. पुढे बाराव्यावर अडखळली. मग मी सगळे उलटसुलट करून एकोणिसावा शोधला आणि नुसता बोटांनी चोळून पाहिला.

तिन्ही हातमागाचे होते. चोवीसांत तीनच जाडेभरडे, आणि आबांनी पाच रविवारी त्या तिघांच्या बाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

मग मला त्यांचा अंगठा आठवला. प्रत्येक तुकडा हातात घेतला की त्यांचा अंगठा त्यावरून सावकाश फिरायचा. मला वाटायचं ते आठवतायत.

मी इस्त्री बंद केली आणि रिक्षा करून कापड बाजारात गेले. तेच जाड कापड, पण राणी कलरमध्ये आहे का, विचारलं. त्याने गठ्ठ्यातून काढून एक तुकडा कापून दिला. असा भडक गुलाबी की डोळ्यांवर हात धरावा.

"विमान लग्नाला निघालं म्हनायचं," दुकानदार म्हणाला. मी तुकडा पर्समध्ये टाकला.

रविवारी सातवा, बारावा आणि एकोणिसावा मी कपाटात ठेवून दिले. गुलाबी तुकडा बाकीच्यांत मिसळला. दहा वाजता खिडकीपाशी बसलो. हे करणं चांगलं नाही, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्याकडे दुसरी रीत नव्हती. सरळ विचारलं असतं तर त्यांनी सरळ नाही म्हटलं असतं.

आबांनी एकेक तुकडा घेतला. अंगठा फिरवला, खाली ठेवला. अंगठा फिरवला, खाली ठेवला. चौदा-पंधरा तुकड्यांनंतर गुलाबी त्यांच्या हातात आला. अंगठा थांबला. मग त्यांनी तो उचलून खिडकीकडे धरला, लांब नेला, जवळ आणला, डोळे बारीक केले, मान थोडी तिरपी केली. सगळं अगदी नीट केलं.

"ह्योच," ते म्हणाले.

"नक्की?"

"लिहून घे."

मी लिहून घेतलं. पेन बंद केलं. मग म्हटलं, "आबा, हा राणी कलर आहे."

त्यांनी तुकडा मांडीवर ठेवला आणि तळव्याने सपाट करत राहिले.

"गुलाबी?"

"गुलाबी."

"लई गुलाबी?"

"लग्नातल्या शालूसारखा."

बराच वेळ ते तुकडा सपाट करत होते, तो केव्हाच सपाट झाला होता तरी. मग हळूहळू बाहेर आलं. पोळ्याच्या आधीपासून मधलं सगळं राखाडी झालं आहे, जणू कोणी बोट तेलात बुडवून काचेवर टेकवलंय. कडेकडेचं दिसतं, पण रंग ओळखू येत नाहीत. डॉक्टरकडचा अक्षरांचा तक्ता? तो पाठ केला होता. रांगेत पुढचे लोक मोठ्याने वाचायचे तेव्हा. आणि तुकडे? माझी वही त्यांना ठाऊक होती. मी पुढच्या आठवड्याला ताळा घेणार हे माहीत होतं. म्हणून त्यांनी पुन्हा सापडेल असा तुकडा धरला, हाताला जाड लागणारा. त्यांना वाटलं जाड एकच आहे. दुकानदाराने तीन दिले होते हे त्यांना कसं कळणार?

मी चिडले. खरंच चिडले. तीन महिने हा माणूस दररोज सकाळी एकटा दुधाला जात होता. लष्कराचे ट्रक ज्या रस्त्याने वळतात तो रस्ता ओलांडत होता. गॅसवर स्वतःचा चहा करत होता. तक्ता पाठ करून त्याने डॉक्टरलासुद्धा फसवलं होतं, ज्याचा फायदा डॉक्टरला शून्य आणि तोटा फक्त यालाच. मी हे सगळं एका दमात बोलून दाखवलं. क्रमवार.

आबांनी ऐकून घेतलं.

"म्हनूनच न्हाई सांगितलं," ते म्हणाले. "आत्ता केलीस तशी यादी केली असतीस. हितं जायचं न्हाई, त्याला हात लावायचा न्हाई. आन विमान बी थांबवलं असतंस. आता कशाला, म्हनून."

मी स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. वाईट याचं वाटलं की दुधाची आणि गॅसची कलमं माझ्या डोक्यात तयार झालीच होती, आणि तिसरं कलम विमानाचंच होतं.

सोमवारी मी डॉक्टरांना फोन करून खरं काय ते सांगितलं. घरात चार नियम काढले. आबांनी त्यातले दोन मान्य केले: रस्ता ओलांडताना कोणीतरी बरोबर, आणि तक्त्याच्या बाबतीत लबाडी नाही. गॅस त्यांनी सोडला नाही. विमान मी खरंच थांबवलं. दोन्ही फोलं खोक्यात घातली, झाकण लावलं. मिटल्यावर कोणाला न दिसणारा रंग, आणि ज्याला दाखवायचा त्यालाही न दिसणारा. ही मेहनत कुठल्या रकान्यात बसवायची ते मला कळेना.

बुधवारी भांडारात वीज गेली. ही नेहमीची गोष्ट आहे. आतल्या खोलीत तेव्हा काही दिसत नाही, तरी काम थांबत नाही, कारण कुठला नट कुठल्या मापाचा ते माझ्या बोटांना कळतं. मी कप्प्यात हात घालून मागितलेला नट काढून दिला, नोंद मात्र वीज आल्यावर केली. नोंद करता करता माझ्या लक्षात आलं की गेले सहा महिने मी एका फिटरला फक्त डोळ्यांचे प्रश्न विचारत होते.

त्या दिवशी घरी आल्यावर खोकं उघडलं आणि विमानाचं उजवं फोल, बिनरंगाचं, आबांच्या हातात दिलं. त्यांनी ते नाकापासून शेपटीपर्यंत एकदा चाचपलं, मग उलटं करून आत बोटं घातली. ती बोटं आता जाड झालेली, नखं पिवळी. मला भीती वाटत होती की काहीतरी मोडतील. त्यांनी एक बाटली मोडलीच. पण मोडताना म्हणाले, ही हितं नव्हती.

"दोन हुत्या. उजव्या हाताला, डोक्याच्या वर. येताजाता टोपी लागायची."

मी वही घेतली.

मग ते थांबेनात. मधल्या भागात, जिथे बाँब टांगायचे, तिथली चालायची पट्टी खोक्यातल्या कागदाप्रमाणे मी रुंद लावली होती. त्यांनी त्यावर बोट आडवं ठेवून सांगितलं की एवढी नाही, एक पाय मावेल इतकीच, आणि दोन्ही हातांनी धरत जायचं, कारण खालचे दरवाजे पातळ, माणसाचं वजन पडलं तर धरणारे नव्हेत. ते दरवाजे बाहेर उघडत नसत, दुकानाच्या शटरसारखे विमानाच्या कुशीवर गुंडाळत जात, आणि त्यांच्या खाचा साफ करताना कोपरापर्यंत वंगण लागे. मागच्या भागात एक कडी थंडगार असे, हिवाळ्यात तिला फडकं गुंडाळून धरायचे. फरशीचा एक पत्रा सैल होता. त्यावर पाय पडला की वाजायचा, आणि तो कसूनही दोन दिवसांनी पुन्हा वाजायचा. हा राग त्यांच्या मनातून अजून गेलेला नव्हता.

सतरा मुद्दे झाले. पुढच्या रविवारी मी क्रम बदलून सतराही परत विचारले. सवयच आहे. एकही उत्तर बदललं नाही.

त्याप्रमाणे मी आतलं सगळं पुन्हा केलं. पट्टी घासून अरुंद केली, बाटल्या हलवल्या, कडी तारेची केली, सैल पत्रा खरोखर सैल ठेवला. रंगाच्या बाबतीत मी पुढे हिरवा आणि मागे पत्रा असं ठरवून टाकलं आणि आधाराच्या रकान्यात लिहिलं: माझा निर्णय. फोलं मात्र चिकटवली नाहीत. लहान लोहचुंबक बसवून उजवं फोल काढता-घालता येईल असं केलं. पोटाच्या बाजूच्या मोठ्या खिडकीची काचही लावली नाही, कारण आबांचं बोट तिच्यातून जायला हवं होतं. इंटरनेटवरच्या मंडळींनी हे पाहिलं तर काय म्हणतील ते मला माहीत आहे.

शनिवारी नवरा आला तेव्हा विमान तयार होतं. टेबल मोकळं झालेलं पाहून त्याने आधी त्याबद्दल आनंद व्यक्त केला. मग आम्ही ते आबांच्या मांडीवर ठेवलं. चारही इंजिनं त्यांनी मोजली. मग उजवं फोल काढून आत बोट घातलं, पट्टीवरून सावकाश मागे नेलं, सैल पत्र्यावर थांबले, तो हलल्यावर मान हलवली, आणि खिडकीपाशी पोचले. आतून बोट बाहेर काढलं. बोटाच्या पेराशी ते अडकलं, तरी त्यांनी ते तसंच राहू दिलं.

"हितं बसलो हुतो. थर्मास ह्या अंगाला."

रकाना मोकळा राहिला की मला चैन पडत नाही. मी विचारलं, "आबा, आता खरं सांगा. आत रंग कोणता होता?"

"मला काय म्हाईत?" ते म्हणाले. "मी भाईर बघत हुतो."

"सगळा वेळ?"

"आख्खा. आपलं गाव दिसतंय का बघत हुतो."

"दिसलं?"

"न्हाई. ढग हुते."

सहा महिने. चोवीस तुकडे, बारा चमचे, एक वाळवलेली शेपूची जुडी. मी नवऱ्याकडे पाहिलं, तो छताकडे पाहत होता आणि त्याचे खांदे हलत होते. आबांचं बोट काढायला मी खोबरेल तेल आणायला उठले.

"मग तू कोनता दिलास?" आबांनी मागून विचारलं.

"पुढे सरकारी हिरवा. मागे नुसता पत्रा."

त्यांनी मान तिरपी करून डोळ्यांच्या कडेने विमानाकडे पाहिलं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "लिहून घे."